आकड्यांची वही

आमच्या स्वयंपाकघरात दाराच्या मागं खिळ्याला एक शंभरपानी वही लटकते. शेजारच्या खिळ्याला दुधाची वही. आल्यागेल्याला दोन्ही सारख्याच वाटतात. एकदा शेजारच्या काकींनी चुकून पहिली वही उघडली आणि म्हणाल्या, "अगं, चार हजार शंभर, तीन हजार आठशे, एवढं दूध लागतंय तरी कुणाला?" मी हसून वही परत टांगली. खरं काय ते त्या दिवशी सांगितलं नाही. सांगायची हिंमत नव्हती, असंच म्हणा ना.

ते आकडे माझ्या धाकट्या दिरांच्या रक्तातले आहेत. पांढऱ्या पेशींत न्यूट्रोफिल नावाच्या पेशी असतात, जंतू अंगात शिरले की पहिल्यांदा धावून जाणाऱ्या. एका मायक्रोलिटर रक्तात त्या किती, हे आमच्या वहीत २००९ पासून लिहिलेलं आहे. भावजींना स्किझोफ्रेनिया आहे आणि ते क्लोझापिन नावाची गोळी घेतात. बाकीच्या गोळ्या चिठ्ठी दाखवली की मिळतात. ही गोळी मात्र दर वेळी विचारते, पेशी मोजल्या का?

पहिल्यांदा डॉक्टरांनी हे सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, "गोळी डोक्याची, मग सुई दंडाला कशाला?" ते म्हणाले, "त्याच्यामागं मोठा इतिहास आहे ताई, कधीतरी वाचा." बी.ए.ला माझा इतिहासच होता. पण त्या इतिहासात लढाया, तह, सनावळ्या. एका गोळीलाही इतिहास असतो हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मग मुलांच्या मदतीनं, जमेल तसं, थोडं थोडं वाचत गेले.

आधी घरातलं सांगते. आमच्या बेळगावकडं "धारवाडला नेलं" एवढं म्हटलं की पुढचं विचारायची गरज पडत नाही. पुण्याकडच्या लोकांना येरवडा, मुंबईकडच्यांना ठाणे, तसं आम्हाला धारवाड. इंग्रजांच्या वेळेपासून तिथं वेड्यांचं इस्पितळ आहे. माझ्या सासूबाईंच्या एका नणंदेला असंच नेलं होतं. त्याआधी दोन वर्षं त्या मागच्या खोलीत होत्या, दाराला बाहेरून कडी. सासूबाई नव्या नवरी होत्या, ताट सरकवायचं काम त्यांच्याकडं. त्या नणंदेचं नाव घरात पुढं कुणी घेतलं नाही. वंशावळीच्या कागदावरसुद्धा नाही. मी ते नाव विचारून घेतलंय, पण ते घरातच राहू दे.

त्या काळी औषध नव्हतंच असं नाही. आपल्या देशात सर्पगंधेची मुळी होती. बिहारकडं तिला लोक सरळ 'पागल की दवा' म्हणत. कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी १९३१ मध्ये वेडावर आणि रक्तदाबावर तिचा उपयोग होतो असं लिहून ठेवलं. पुढं १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या बाझल गावात तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं आणि मग अमेरिकेतल्या वेड्यांच्या इस्पितळांतही ते दिलं जाऊ लागलं. आपली मुळी आपल्या मागच्या खोलीपर्यंत मात्र पोचली नाही. त्याच १९५२ साली पॅरिसच्या सेंट ॲन इस्पितळात डिले आणि डेनिकर या डॉक्टरांनी क्लोरप्रोमाझिन वापरलं. खरा बदल तिथून झाला. वर्षानुवर्षं साखळीत, कोंडून ठेवलेली माणसं बोलायला लागली, घरी परतायला लागली.

पण त्या औषधांची किंमत शरीर मोजत होतं. भावजी १९९६ साली आजारी पडले तेव्हा बावीस वर्षांचे होते. तेव्हाची इंजेक्शनं, गोळ्या सुरू झाल्या. आवाज थोडे कमी झाले, पण मान आखडली, हात थरथरायला लागले, चालणं लाकडी बाहुलीसारखं झालं. चहाचा कप ओठापर्यंत जाताना बशीत अर्धा सांडायचा. नातेवाईक बघून म्हणायचे, "बरं झालं, औषध लागू पडलंय. शांत झालाय की." मी नवी सून, मला काय बोलता येणार? पण मनात यायचं, हे शांत होणं नव्हे, हे गोठणं आहे.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की नातेवाईकांना दोष द्यायचं कारण नाही. मोठमोठे डॉक्टरही बरीच वर्षं तसंच समजत होते, की अंग आखडलं म्हणजेच औषध काम करतंय. आणि नेमकी हीच समजूत क्लोझापिनच्या आड आली.

क्लोझापिन तयार झालं १९५८ च्या सुमाराला, स्वित्झर्लंडच्या बर्न शहरात, वांडर नावाच्या कंपनीत. उदासीपणावरच्या औषधांच्या घराण्यातलंच त्याचं रसायन. रोग्यांना देऊन बघितलं तर आवाज, भास कमी व्हायचे, पण अंग आखडायचं नाही. आता खरं तर आनंद व्हायला हवा होता. उलट शंका आली. अंग आखडत नाही तर हे औषध असेल तरी कसं? चांगल्या सुनेवर सासरची माणसं घेतात ना, तशी शंका. तरी काही जर्मन आणि ऑस्ट्रियन डॉक्टरांनी धीर धरला आणि १९७२ मध्ये 'लेपोनेक्स' या नावानं ते युरोपातल्या काही देशांत विकायला आलं.

१९७५ च्या सुरुवातीला ते फिनलंडमध्ये आलं. थंडीचा, बर्फाचा, आपल्या एखाद्या दोन-तीन जिल्ह्यांत मावेल एवढ्या वस्तीचा देश. तिथल्या इस्पितळांत काही महिन्यांतच रोग्यांना ताप यायला लागला. घसा दुखायचा, तोंडात फोड यायचे. रक्त बघितलं तर न्यूट्रोफिल जवळजवळ संपलेले. या आजाराचं नाव मोठं आहे, ॲग्रॅन्युलोसायटोसिस. सोप्या भाषेत, घराचे राखणदारच नाहीसे होतात आणि साधा घशाचा जंतूसुद्धा माणसाला घेऊन जातो. आठ माणसं गेली. त्याच वर्षी फिनलंडच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रिकेत हे छापून जगाला सांगितलं.

या आठ माणसांपाशी मी वाचताना पुष्कळ वेळ थांबले होते. त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. मला राहून राहून वाटतं, त्यांतल्या कुणीतरी नर्सला, भावाला, आईला सांगितलं असेल, "घसा दुखतोय." आणि वेड्या माणसाचं दुखणं कोण ऐकतं? त्याच्या डोक्यात आवाज येतात, तसंच घशातही काहीतरी येत असेल. हा माझा अंदाज आहे, पुरावा नाही. पण भावजींच्या बाबतीत मी हे स्वतः केलेलं आहे. "पोटात दुखतंय" म्हणाले तर "असू दे, झोपा जरा" म्हटलंय. म्हणून हा अंदाज मला पुसता येत नाही.

मग कंपनीनं माघार घेतली. बऱ्याच देशांतून औषध उठलं, काही ठिकाणी यायच्या आधीच थांबलं. इतिहास इथं संपला असता. संपला नाही, कारण काही रोग्यांचं या गोळीशिवाय चालेना. औषध काढून घेतल्यावर जे परत कोसळले, ज्यांना दुसरं काहीच लागू पडत नव्हतं, त्यांच्यासाठी काही देशांतल्या डॉक्टरांनी ते चालू ठेवलं. अट एकच घातली. रक्त तपासायचं, परत परत तपासायचं, आणि पेशी उतरायला लागल्या की गोळी तत्काळ बंद. राखणदार संपल्यावर कळून उपयोग नाही, कमी होत असतानाच कळायला पाहिजे.

पुढची पायरी अमेरिकेत. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉन केन आणि त्यांच्या सोबत्यांनी २६८ रोगी निवडले, तेही ज्यांच्यावर आधीची औषधं वाया गेली होती असे. निम्म्यांना क्लोरप्रोमाझिन, निम्म्यांना क्लोझापिन. सहा आठवड्यांनी क्लोरप्रोमाझिनवाल्यांत शंभरातले चार सुधारले होते, क्लोझापिनवाल्यांत तीस. हे १९८८ मध्ये छापून आलं. चार आणि तीस. ज्या घरात कडी लावलेली खोली आहे त्या घराला विचारा या दोन आकड्यांतलं अंतर.

१९८९ मध्ये अमेरिकेनं परवानगी दिली, दर आठवड्याला रक्त तपासायच्या अटीवर. रिपोर्ट नाही तर गोळी नाही. कंपनीनं गोळी आणि तपासणी एकत्र बांधून विकायला काढली, वर्षाला जवळपास नऊ हजार डॉलर. घरच्या लोकांनी आरडाओरडा केला, अनेक राज्यांनी कंपनीला कोर्टात ओढलं, तेव्हा ती गाठ सुटली. त्या भांडणात मला फार रस नाही. माणसाच्या जिवाची भीती विकायला मिळाली की बाजार ती विकतोच, तिथंही आणि इथंही.

मोजणीचा उपयोग झाला का? झाला. १९९३ मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या अकरा हजार पाचशे पंचावन्न रोग्यांचा हिशेब छापून आला. त्यांतल्या ७३ जणांच्या पेशी धोक्याच्या खाली गेल्या. मरण पावले दोन. फिनलंडमध्ये एका छोट्या देशात काही महिन्यांत आठ, आणि इथं साडेअकरा हजारांत दोन. गोळी तीच होती. मधे फक्त एक सुई, एक काचेची नळी आणि आकडा बघणारं कुणीतरी आलं होतं.

त्याच हिशेबातून हेही कळलं की बहुतेक धोका पहिल्या तीन महिन्यांत असतो. म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला तपासणी. इंग्लंडात पहिले १८ आठवडे दर आठवड्याला, मग वर्ष होईपर्यंत पंधरवड्याला, त्यापुढं महिन्याला, असा नेम होता. न्यूट्रोफिल १५०० च्या खाली गेले की त्यांच्याकडं लाल खूण, गोळी बंद. विलायतेत तर रिपोर्ट नोंदवल्याशिवाय दुकानदार गोळीच हातात देत नाही. आपल्याकडं तशी देशभराची नोंदवही नाही. डॉक्टर सांगतात आणि उरलेलं घरावर असतं. घरावर म्हणजे कुणावर, हे मी तुम्हाला सांगायला नको.

अशी ती वही सुरू झाली. पहिले अठरा आठवडे दर सोमवारी सकाळी लॅब. भावजी येताना कुरकुरायचे, "वहिनी, रक्त संपंल की माझं." तिसऱ्या महिन्यात, ऐन पावसात, त्यांना ताप आला, घसा धरला. गल्लीत निम्म्या लोकांना तेच होतं. हे म्हणाले, "हवेचं आहे, उद्या बघू." मला फिनलंडचं अजून काही ठाऊक नव्हतं, पण डॉक्टरांनी वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलं होतं, ताप किंवा घसा दुखला तर त्याच दिवशी रक्त. भिजत रिक्षानं गेलो. ३१०० आले. हवेचंच होतं. मी लॅबच्या पायऱ्यांवर बसून रडले, आणि भावजी मला समजावत होते!

दोन गोष्टी मात्र वहीच्या आकड्यांत येत नाहीत आणि त्या मला उशिरा कळल्या. एक म्हणजे बद्धकोष्ठ. या गोळीनं आतडी मंदावतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आतडं अडून माणसं दगावलेली आहेत, आणि २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध-खात्याला याबद्दलचा इशारा मुद्दाम अधिक कडक करावा लागला. दिराला असला प्रश्न रोज कसा विचारायचा? मी वहीत एक रकाना पाडला आणि पेन्सिल दोऱ्यानं बांधली. भावजी स्वतः फुली मारतात. दोन दिवस फुली नसली की मी ह्यांना सांगते, हे त्यांना विचारतात. उपासाच्या दिवसांत, दशलक्षणात, पाणी कमी पडतं, तेव्हा तर जास्तच लक्ष.

दुसरी गोष्ट विडी. तंबाखूच्या धुरानं यकृत ही गोळी लवकर संपवून टाकतं. म्हणजे विडी ओढणाऱ्याला जास्त गोळी लागते. आणि विडी एकदम सुटली तर तीच गोळी रक्तात दीडपट, त्याहूनही जास्त साचू शकते. नुसती तंबाखू चघळली तर हे होत नाही, ही करामत धुराची. आपण सगळ्या विडी सोड म्हणून मागं लागतो, सोडावीच, पण या गोळीवरच्या माणसानं डॉक्टरला सांगून सोडावी.

या सगळ्याची परीक्षा २०२० मध्ये झाली. आमचे डॉक्टर मिरजेचे. लॉकडाऊनमध्ये कर्नाटक-महाराष्ट्राची हद्द बंद. एरवी आम्हा सीमाभागातल्या लोकांना हद्द म्हणजे रस्त्यावरची एक पाटी, त्या एप्रिलमध्ये ती खरीखुरी भिंत झाली. बेळगावातल्या दोन-तीन मेडिकलमध्ये शंभरची गोळी संपली होती, माल येत नव्हता. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. भावजींची झोप उडाली. रात्री माडीवर येरझाऱ्या. तिसऱ्या रात्री मला म्हणाले, "वहिनी, कोण आलंय बघा की खाली, मघापासनं माझंच नाव घ्यालंय." बारा वर्षांत न ऐकलेलं वाक्य. खरं तर अकरा.

चौथ्या दिवशी दुपारी ह्यांनी कुठूनतरी एक पाकीट मिळवलं. तोंडावरचा रुमालही न काढता म्हणाले, "पाणी आण, तिन्ही गोळ्या देऊन टाकू." मी पेला भरला आणि हात थांबला. वहीच्या मागच्या पानावर डॉक्टरांच्या अक्षरात होतं: दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर परस्पर सुरू करू नका. मी म्हटलं, आधी फोन. हे चिडले. चार दिवस वणवण करून आणलेली गोळी बायको देऊ देत नाही म्हटल्यावर कोण चिडणार नाही?

फोन लागायला तासभर गेला. डॉक्टर म्हणाले, "तीनशे अजिबात देऊ नका." एवढ्या दिवसांत शरीराची सवय मोडते. एकदम पूर्ण गोळी दिली तर रक्तदाब धाडकन उतरतो, माणूस बेशुद्ध पडतो, हृदयावर येऊ शकतं. पंचवीसच्या गोळीचा अर्धा तुकडा, साडेबारा मिलिग्रॅम, तिथून परत सुरुवात, पहिल्या दिवसासारखी. मग त्यांनी विचारलं, "विडी चालू आहे?" मी म्हटलं, "दुकानंच बंद आहेत, महिना होत आला." ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "मग तीनशेपर्यंत जायचंच नाही. दोनशेवर थांबू." विळीवर सुपारी कातरावी तशी मी ती गोळी कातरली. हे समोर बसून बघत होते. काही बोलले नाहीत. पाकीट मात्र उचलून त्यांनी स्वतः कपाटात ठेवलं.

आणखी एक लहानशी गोष्ट. आमच्या घरी सूर्यास्तानंतर जेवण नाही, सासूबाईंना तर पाण्याचाही नेम. भावजींची गोळी झोपायच्या वेळची. सुरुवातीला मी ती सहाच्या जेवणाबरोबर दिली, तर ते सातला झोपायचे आणि पहाटे तीनला उठून बसायचे. हे महिनाभर चाललं. मी सासूबाईंना कसं विचारावं याचा विचार करत होते, तेवढ्यात एका रात्री नऊ वाजता त्याच तांब्या-भांडं घेऊन त्यांच्या खोलीकडं निघालेल्या दिसल्या. मी बघत राहिले तर म्हणाल्या, "नेम माझा हाय गं, त्याचा न्हवं." ज्या बाईनं कधीकाळी कडीच्या दाराखालून ताट सरकवलं होतं, ती ही.

२००९ मध्ये, म्हणजे आमची वही सुरू झाली त्याच वर्षी, फिनलंडहून परत एक बातमी आली होती. मला ती फार नंतर कळली. तिथल्या संशोधकांनी स्किझोफ्रेनियाच्या ६६ हजार ८८१ रोग्यांची अकरा वर्षांची नोंद तपासली. कुठल्या औषधावरचे रोगी सगळ्यांत कमी मेले? क्लोझापिनवरचे. ज्या देशात आठ जण गेले त्याच देशाच्या दप्तरातून हे निघालं. वाचताना मला त्या आठांच्या घरच्यांची आठवण झाली. त्यांना या बातमीचं काय वाटलं असेल, कोण जाणे.

२०२५ मध्ये अमेरिकेनं रिपोर्ट दाखवल्याशिवाय गोळी न देण्याची सक्ती काढून टाकली. त्या अटीमुळं पुष्कळ गरजू रोग्यांपर्यंत औषध पोचतच नव्हतं, हे त्यांचं कारण, आणि ते मला पटतं. तपासणी करा असं सांगणं तिथं अजून आहेच. ह्यांनी मोबाईलवर ती बातमी वाचली आणि म्हणाले, "सुटलीस बघ आता." मी मिरजेला फोन केला. डॉक्टर म्हणाले, "भावजींच्या पेशी इतकी वर्षं स्थिर आहेत, मधलं अंतर वाढवायचं का ते पुढच्या खेपेला रिपोर्ट बघून ठरवू. तोवर महिन्याला करा."

गेल्या सोमवारी गेलो होतो. भावजी आता पन्नाशीचे झालेत, एका नातलगाच्या दुकानात बिलं लिहितात, अक्षर माझ्याहून बरं आहे. हाताला थरथर नाही. संध्याकाळी रिपोर्ट आला तेव्हा ते दुकानातून येऊन पाय धूत होते. तिथूनच विचारलं, "किती वहिनी?"

"चार हजार दोनशे."

"बरं आहे की," म्हणाले, आणि दोऱ्याची पेन्सिल ओढून आकडा स्वतःच लिहिला.